शेवटच्या गाण्याबद्दल लोक काय म्हणाले

राखेचा बुधवार झाला की आमच्या घरातले दिवस बदलतात. बाहेर कोणाला त्याचा पत्ता नसतो. कल्याण पूर्वेला तेव्हा दहावी-बारावीच्या मुलांचे ओढलेले चेहरे दिसायला लागतात, रसवंत्यांचे घुंगरू वाजायला लागतात. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या सुकत पडतात आणि कबुतरं हाकलायला कोणीतरी दुपारभर ओरडत असतं. आमच्याकडे मात्र लेंट लागलेला असतो, ईस्टरपर्यंतचा उपवासाचा काळ. मटण बंद, लग्नं बंद, चर्चमध्ये फुलं बंद. आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी चटया टाकून प्रार्थनासभा. लहानपणी हे दिवस संपता संपायचे नाहीत.

या वर्षी त्या बुधवारी चर्चमधून परतताना शेअर रिक्षात माझ्या शेजारी एक कॉलेजची मुलगी बसलेली. तिच्या इयरफोनमधून थोडा आवाज बाहेर गळत होता. दोन ओळी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, हा आवाज माझा आहे. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. कशाला पाहील? नाक्यावर ती उतरली, मी पुढे आले. आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. पण तो एक लेंट आठवला, ज्यात आमचा पहिला अल्बम आलेला आणि ज्याला त्याला त्याच्याबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. मला सोडून.

बँड म्हणजे आम्ही तिघं. मी गाते. सुशांत, माझा मामेभाऊ, गिटार वाजवतो, चाली लावतो आणि सगळ्यांवर चिडतो. ड्रमवर नोएल. तो ठाण्याचा. त्याचे आजोबा गावच्या लग्नांत बँड वाजवायचे, त्यामुळे त्याला आपण खानदानी कलाकार आहोत असं वाटतं. दिवसा तिघंही नोकऱ्या करतो. मी डोंबिवलीत एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. सुट्टीच्या दिवशी कळव्याला जमायचो. तिथं खाडीच्या अंगाला पाटीलकाकांचा गाळा आहे, खाली टायरचं गोदाम, वर आम्ही. काकांच्या वडिलांची तिथं मिठागरं होती. आता त्या जमिनीवर इमारती आहेत. काका कधी कधी वर येऊन दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि समोरच्या टॉवरकडे बोट दाखवून म्हणायचे, "थय आमचा मीठ पिकायचा." त्यांच्यामुळे आम्ही बँडचं नाव 'मिठागर' ठेवलं.

आमची गाणी देवाची होती, पण चर्चमधल्यासारखी नव्हती. गिटार, ड्रम, टाळ्या, सगळं असलेलं पॉप-रॉक. सुशांतचं म्हणणं, आपली पोरं आठवडाभर जे ऐकतात त्याच भाषेत रविवारी देवाशी का बोलू नये? मम्मीला हे पटायचं, पण तिची एक तक्रार होती. "शब्द कळले पाहिजेत," ती म्हणायची. "देवाला कळत असतील. मला नाही कळत." मी घरी गाऊन दाखवायला लागले की ती टीव्हीचा आवाज बंद करायची, चित्र चालू ठेवायची. एक डोळा मालिकेवर आणि एक कान माझ्याकडे. "रूथ, 'करुणा'चा 'क' खाल्लास," असं म्हणून परत मालिकेत.

मम्मी त्या वर्षी जानेवारीत गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलेली, न्यूमोनिया निघाला. तेव्हा अल्बमची सगळी गाणी झाली होती, फक्त शेवटचं राहिलेलं. 'अजून इथेच' असं त्याचं नाव. देवा, तू अजून इथेच आहेस, असा त्याचा अर्थ. शब्द मीच लिहिले होते, आदल्या पावसाळ्यात, आनंदात. सुशांत म्हणाला, आपण थांबू. मी म्हटलं, कशाला?

स्टुडिओ ठाण्यात, एका इमारतीच्या तळघरात होता. भिंतींना काळा फोम लावलेला. आत गेलं की स्वतःचा श्वाससुद्धा जवळून ऐकू यायचा. मम्मीला पुरून आठवडाही झाला नव्हता. मी हेडफोन घातले, संगीत सुरू झालं आणि मी गायले. गाताना मला आठवतंय मी कसला विचार करत होते. गॅसचा सिलिंडर संपत आलाय, नवा नंबर मम्मीच्या फोनवरूनच लावता येतो आणि त्या फोनचा पासवर्ड पप्पांना माहीत नाही. हाच विचार पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. गाणं संपलं. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला माईकवर म्हणाला, "ताई, काय शांत गायलात. परत नको घ्यायला. हेच ठेवू." त्याला काही माहीत नव्हतं. नोएलचे डोळे लाल झालेले. मी बाहेर येऊन पाणी प्यायले आणि सुशांतला विचारलं, जवळ गॅस एजन्सी कुठे आहे.

अल्बम लेंटच्या पहिल्या आठवड्यात आला. मुद्दाम नाही, काम लांबत गेलं म्हणून. लोकांची मतं तिथूनच सुरू झाली. आमचे रत्नाकरकाका, चर्चच्या गायकवृंदाचे जुने प्रमुख, पेटीवर हात ठेवून म्हणाले, "लेंटमध्ये ड्रम? पोरांनो, निदान ईस्टरपर्यंत तरी थांबायचं." पाळकबाई, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नी, म्हणाल्या, शब्द सुंदर आहेत, पण आवाज थोडा खाली ठेवता आला असता. डोंबिवलीतल्या युवकसंघातल्या एकानं लिहिलं, "ताई, दुसरं गाणं जिममध्ये लावतो, एक नंबर." कोणी म्हणालं, चाल हिंदी सिनेमासारखी आहे. कोणी म्हणालं, चाल हिंदी सिनेमासारखी असती तर बरं झालं असतं. कळव्याच्या पाटीलकाकांनी गाळ्यात बसून अख्खा अल्बम फोनवर ऐकला, मान हलवली आणि म्हणाले, "गाना बरा हाय गो पोरी. पन देव कवा येतो त्यान?" सुशांतला ते फार लागलं. मला वाटतं, त्या सगळ्या महिन्यातलं ते सगळ्यात नेमकं मत होतं.

शेवटच्या गाण्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकच मत. लोकांना एव्हाना कळलं होतं की मी ते मम्मी गेल्यावर लगेच गायलेय. मग काय. "एवढ्या दुःखात एवढी शांती!" "आवाजात विश्वास ऐकू येतो." "प्रभूनं तुला धरून ठेवलंय, बाळा." रत्नाकरकाकासुद्धा रविवारी जवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाकीचं जाऊ दे. ते शेवटचं गाणं मी रोज ऐकतो." मी सगळ्यांना थँक यू म्हणायचे. लॅबमध्ये दंडाला पट्टा बांधलेल्या एका पेशंटनंसुद्धा मला ओळखलं. मी म्हटलं, मूठ घट्ट करा, आणि सुई घातली.

आता लिहिताना वाटतं, लोकांना खोटं कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आवाज ऐकला, आवाज शांत होता. ओल्या लाकडासारखी शांतता, पेटत नाही आणि मोडतही नाही. तिला विश्वास म्हणायचं की आणखी काही, हे आवाजावरून कसं कळणार? माझं मलाही कळत नव्हतं. मी सकाळी उठायचे, डबा करायचे, पप्पांची बीपीची गोळी काढून ठेवायचे. प्रार्थना पाठ होती, तीही म्हणायचे. पप्पा अल्बमचं पहिलंच गाणं रोज चहाबरोबर लावायचे. एकदा विचारलं, "ड्रम कोण वाजवतं?" नोएलला ते लहानपणापासून ओळखतात. मी म्हटलं, नोएल. "हां, नोएल," ते म्हणाले आणि पुढचं गाणं लागायच्या आत फोन बंद केला.

पाळकसाहेबांनी मला गुड फ्रायडेच्या उपासनेत साक्ष द्यायला सांगितलं. साक्ष म्हणजे देवानं आपल्याला कसं सांभाळलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. त्याआधी आंबिवलीच्या घरसभेत थोडं बोल, म्हणजे भीती जाईल, असं म्हणाले. मी हो म्हटलं. तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

आंबिवलीला सभा सिंधूमावशींकडे होती. त्या निवृत्त नर्स, एकट्या राहतात. त्यांची मुलगी काही वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली, एवढं मला ऐकून माहीत होतं. आम्ही संध्याकाळी उन्हं उतरताना पोचलो, नोएलच्या गाडीतून, पप्पांसकट. हॉलमधलं फर्निचर भिंतीला सारलेलं, चटया टाकलेल्या. सुशांत गिटार लावत बसला. मी आत मदतीला गेले. मावशी पातेल्यात चहाची साखर ढवळत होत्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "ते शेवटचं गाणं तू म्हटलंस ना, तेव्हा तुला काही वाटत नव्हतं. बरोबर?"

मी कपांचा ट्रे ओट्यावर ठेवला.

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही."

"मला वाटलंच. बाकीच्या गाण्यांत तू देवाला समजावतेस. गोड बोलतेस. त्या शेवटच्यात नुसतं म्हणतेस." त्यांनी गॅस बारीक केला. "माझी सुनीता गेली तेव्हा मी पंधरवड्यात ड्युटीवर गेले. सगळे म्हणाले, काय खंबीर बाई आहे. मी खंबीर नव्हते गं. मी घरीच नव्हते."

"मग घरी कधी आलात?" मी विचारलं.

"ते मला नको विचारू," त्या म्हणाल्या. "ज्याचं त्याचं असतं. गाळणं दे ते."

बाहेर गाणी झाली, प्रार्थना झाली आणि मला उभं केलं. समोर ओळखीचे चेहरे, हातात पंखे म्हणून वर्तमानपत्रं. मी तयारी केलेली दोन वाक्यं होती, देवानं मला शांती दिली अशी. ती तोंडात आलीच नाहीत. मी म्हटलं, "तुम्ही सगळे म्हणता त्या गाण्यात माझा विश्वास आहे. मी गाताना गॅसच्या सिलिंडरचा विचार करत होते. मला काही वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही. मी खोटं नाही बोलू शकत, एवढंच." आणि मी खाली बसले.

कोणी आमेन म्हटलं नाही. पंख्यांची वर्तमानपत्रं थांबली. मग मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "चहा आणते." लोकांनी चहा घेतला. माझ्याकडे बघणं त्यांना जमत नव्हतं.

परतताना गाडीत सुशांतनं तोंड उघडलं. तो पुढे बसलेला, मी आणि पप्पा मागे, आमच्या मध्ये गिटार.

"काय गरज होती गं? कोणी विचारलेलं तुला?"

"साक्ष द्यायला सांगितलेलं."

"अगं, लोकांना त्या गाण्यानं आधार मिळतोय! लोक मेसेज करतायत, रडतायत. तू तो आधार काढून घेतलास. तुला काही वाटो न वाटो, ते गाणं आता तुझं राहिलंय का?"

त्याचं बरोबर होतं. मला ते डोक्यानं कळत होतं. नोएल नुसता गाडी चालवत होता. शहाडच्या पुलावर गाड्या तुंबलेल्या, समोर लाल दिवेच दिवे.

तेवढ्यात पप्पा म्हणाले, "मलाही काही वाटत नाही."

सुशांत मागे वळला.

"जानेवारीपासून," पप्पा म्हणाले. "मी म्हटलं, वयामुळे असेल." ते खिडकीबाहेर बघत होते. "बरं झालं बोललीस. मला वाटलेलं मलाच काहीतरी झालंय."

थोड्या वेळानं पप्पांनी गिटारवरून हात टाकून माझं मनगट धरलं आणि घर येईपर्यंत धरून ठेवलं. तो हात मला जाणवत होता, पण दुसऱ्या कोणाच्या मनगटावर असल्यासारखा.

सभेतल्या कोणीतरी माझं बोलणं फोनवर घेतलं होतं. ते फिरत फिरत गाण्याखालच्या कॉमेंटमध्ये पोचलं. मतं परत बदलली. "गाणाऱ्या बाईनं स्वतःच सांगितलंय, सगळं दिखाऊ आहे." "निदान खरं बोलली." "मग साधं सिनेमाचं गाणं गा ना, देवाचं कशाला?" रत्नाकरकाका रविवारी समोर आले आणि वहीची पानं उलटत राहिले. पाळकसाहेब चांगले आहेत, त्यांनी फोन करून हळूच सांगितलं की गुड फ्रायडेला साक्ष नको, तू विश्रांती घे. मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात मला एक मेसेज आला. पाठवणारी प्राजक्ता, राहायला दिव्याला. हिनं आधीही एकदा गाण्याखाली लिहिलेलं मला आठवत होतं: आम्ही तुमच्यातले नाही, गावचे देवीवाले, पण माझी मुलगी या गाण्यावर झोपते, चालेल ना? तेव्हा मी नेहमीसारखं थँक यू लिहिलेलं. आता तिनं लिहिलं होतं, "ताई, तुमचा व्हिडिओ बघितला. तुम्हाला जर ते गाणं म्हणताना बरं नव्हतं वाटत, तर मी ते पिल्लूला लावू की नको? राग नका मानू. विचारून घेते."

मी उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. इतक्या लोकांनी त्या गाण्याबद्दल मत दिलेलं, पण माझं मत कोणी मागितलं नव्हतं. आणि मी ते गाणं स्टुडिओतून बाहेर पडल्यापासून एकदाही पूर्ण ऐकलं नव्हतं. शेवटी मी लिहिलं, "मी येऊ का तुमच्याकडे?"

गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्यामध्ये एक शनिवार असतो. त्या दिवशी आमच्याकडे काहीच नसतं. ना उपासना, ना घंटा. देव मेलेला असतो आणि अजून उठलेला नसतो, म्हणून लोक घरं झाडतात, केकचं सामान आणतात. त्या शनिवारी दुपारी मी दिव्याला गेले. लागून लागून उभ्या इमारती, मधे बोळ, वर वायरींचं जाळं, प्रत्येक दारासमोर निळे ड्रम. प्राजक्ता तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. माझ्याहून बरीच लहान. नवरा गोदामात कामाला, तो ड्युटीवर होता. ती मला बघून इतकी गोंधळली की आधी चप्पल घालून बाहेरच आली.

"ताई, तुम्ही खरंच आलात? मला वाटलं असंच लिहिलंय."

मुलगी खोलीच्या मधोमध पाळण्यात, डोळे टक्क उघडे. कांद्याचा आणि पावडरचा वास. प्राजक्तानं मला सरबत दिलं आणि मग संकोचून विचारलं, "झोपायची वेळ झालीय हिची. लावू?"

"लावा," मी म्हटलं.

तिनं फोन पाळण्याच्या दोरीला अडकवला. माझा आवाज सुरू झाला. त्या लहानशा स्पीकरमधून तो पातळ येत होता, ड्रम तर जवळजवळ गायब. तू अजून इथेच आहेस. मी भिंतीला टेकून ऐकत होते. मला वाटलेलं ऐकताना काहीतरी होईल. काही झालं नाही. एक बाई गात होती, शब्द स्पष्ट होते, एकही अक्षर खाल्लेलं नव्हतं. मुलीचे डोळे मिटत मिटत गेले. प्राजक्तानं हात लांब करून फोन बंद केला, गाणं अर्ध्यावर असताना.

"पुढे काय आहे ते मला माहीतच नाही," ती कुजबुजली. "कधी शेवटपर्यंत जातच नाही. ही आधीच झोपते."

मला हसू आलं. खरं म्हणजे तोंड हसलं, आवाज आला नाही.

"मग? लावत जाऊ ना?"

"लावत जा," मी म्हटलं. "तिला झोप लागते ना. पुरे."

"तुम्ही पण पडा जरा, ताई. उन्हातून आलात." तिनं एक उशी माझ्याकडे सरकवली आणि टेबलफॅन माझ्या बाजूला फिरवला. मी अनोळखी घरात कशी झोपणार, असं म्हणायला हवं होतं. मी आडवी झाले. जानेवारीपासून मी अशी झोपले नव्हते, दुपारची, कशाचीही काळजी न करता, कोणाच्या तरी घरी झोपलेल्या लहान मुलासारखी.

जाग आली ती खालून ओरडण्यानं. "पाणी आलं! पाणी आलं!" पूर्ण जिना धावत होता. प्राजक्तानं बादल्या उचलल्या होत्या आणि दारात अडखळली, मुलीकडे बघत, माझ्याकडे बघत.

"तू थांब तिच्याजवळ," मी म्हटलं. "मी भरून आणते."

तिनं एक क्षण विचार केला आणि दोन्ही बादल्या माझ्या हातात दिल्या. मी तीन मजले उतरले. खाली बायकांची रांग, नळाला लावलेली हिरवी पाइप, हंडे, कॅन, भांडणं. एकीनं विचारलं, तू कोणाची गं? मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावरच्या प्राजक्ताची. तिनं मला पुढे सरकू दिलं. माझी पाळी आली, मी बादलीत पाइप धरली, आणि पाणी उडून कोपरापर्यंत आलं. बाहेर एवढं ऊन, पण ते जमिनीखालून आलेलं पाणी थंडगार होतं.

माझ्या तोंडून "आई गं" निघालं. मागच्या बाया हसल्या. मी दुसरी बादली पाइपखाली धरली आणि हात तसाच पाण्यात ठेवला.